मणक्यात स्क्रू टाकायचे ठरलेत? मग घरची तयारी आजपासूनच

जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. केळीचे घड वाहून, कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन कंबर गेलेली माणसं रोज भेटतात. फ्यूजनचं, म्हणजे स्क्रू-सळया टाकून मणके एकमेकांना कायमचे जोडायचं ऑपरेशन ठरलं की घरचे पहिलं विचारतात, "डॉक्टर कोणता चांगला?" प्रश्न रास्त आहे. पण ऑपरेशनआधीच्या सहा आठवड्यांत घरात काय होतं, यावरही पुष्कळ काही ठरतं आणि ते तुमच्या हातात आहे.

सगळ्यात आधी डॉक्टरांना विचारा, की फ्यूजनच का? मणका पुढे सरकला असेल किंवा अस्थिर झाला असेल तर ते लागतं. नुसती दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दबली असेल, तर बहुतेकदा स्क्रूशिवाय भागतं. शंका असेल तर दुसऱ्या सर्जनला एमआरआय दाखवा. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. पायातली कळ साधारण लवकर कमी होते, कंबरेचं दुखणं मात्र वेळ घेतं. हेही आधीच समजून घ्या, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात धीर सुटत नाही.

आता तंबाखू. स्क्रू आणि सळया मणके तेवढे धरून ठेवतात. खरा जोड हाडाचा, आणि तो शरीरच लावतं. त्याला तीन ते सहा महिने लागतात, काहींना वर्ष. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड तयार करणाऱ्या पेशी मंदावतात आणि जोड न लागण्याची भीती वाढते. मग स्क्रू ढिले पडतात, कधी सळईच तुटते. एका आजीला मी विचारलं तर म्हणाली, "ताई, मी तंबाखूला हात लावत नाही." उशाशी पत्र्याची डबी होती. भाकऱ्या झाल्या की त्याच तव्यावर सून तंबाखू भाजून द्यायची, काळी होईपर्यंत, आणि आजी दिवसातून चारदा दात घासायची. मशेरीला आपल्याकडे कोणी तंबाखू म्हणतच नाही! बिडी, गुटखा, चुना-तंबाखू, मशेरी, सगळं एकच. निदान चार आठवडे आधी बंद करा, आणि हाड जुळल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत पुन्हा सुरू करू नका. आजीच्या घरी सुनेने तंबाखू भाजणंच थांबवलं. पहिले आठ दिवस आजी चिडचिडली, डोकं धरून बसली, पण सुटली. तुम्हाला जमत नसेल तर डॉक्टरांना खरं सांगा, त्यावर औषधं आहेत.

साखरेचं तसंच. एकदाची उपाशीपोटी तपासणी पुरत नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी करा. ती आठच्या वर असेल तर जखम चिघळण्याची भीती वाढते आणि तारीख पुढे जाऊ शकते. पुढे गेलेली तारीख परवडली, पिकलेली जखम नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी हाडांची घनता तपासायची का, हे आवर्जून विचारावं. ठिसूळ हाडात स्क्रूची पकड राहत नाही. सोबत ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या. किडलेला दात, लघवीची जळजळ, पाठीवरची पुळी लपवू नका. ताटात डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे रोज हवेत, नुसती भाकरी-ठेचा पुरायची नाही.

घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्याही दाखवा. त्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

तारीख घेताना घरात सहा आठवडे कोण मोकळं आहे ते बघा. कापूस वेचणीत सगळं घर शेतात असतं, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि माय चुलीपुढून उठत नाही. शिवाय मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेल्यावर कंबरेचा पट्टा घामाने चिकटतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. आधार आणि रेशन कार्डावरची नावं जुळतात ना, तेही बघा.

घरात झोळ पडलेली बाज चालणार नाही, फळीचा पलंग आणि घट्ट गादी लागेल. उकिडवं बसायचं नाही, म्हणून कमोडची खुर्ची आणा. पिठाचा डबा, तांब्या, चप्पल कंबरेच्या उंचीवर ठेवा. हंडा उचलणं महिनोनमहिने बंद. कुशीवर वळून उठायची सवय आत्ताच करा: गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकदम वळवायची, लाकडाचा ओंडका लोळवतो तशी, मग पाय खाली सोडत हाताच्या जोरावर उठायचं. आधी शिकलेला माणूस ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी न घाबरता उभा राहतो. रोज वीस मिनिटं चालाही.

आदल्या रात्री तर्रीची शेवभाजी नको. उपाशी राहायची वेळ रुग्णालय सांगेल ती पाळा आणि पाठीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. परत येताना अजिंठ्याचा घाट असो वा नाशिकची वाट, तासाभराने गाडी थांबवून चार पावलं चाला. जीप भरून भेटायला येणाऱ्यांना पंधरा दिवस फोनवरच बोलायला सांगा.

शेवटची तयारी भिंतीवर: एका कागदावर रुग्णालयाचा नंबर आणि गाडीवाल्याचा नंबर. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, एका पोटरीला सूज, धाप लागणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. लघवी अडली, जांघेतला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडीवाल्याला उठवा.