ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेण्यापूर्वी घरात करावयाची तयारी

ज्यांची मुले मेलबर्न किंवा सिडनीला स्थायिक झाली आहेत, अशी घरे पुण्यात, विशेषतः कोथरूड, औंध, बाणेर या भागांत, आता विरळ राहिलेली नाहीत. सर्वसाधारणपणे कायदेशीर वास्तव्याची चार वर्षे, आणि त्यांतील शेवटचे वर्ष कायम रहिवासी म्हणून, पूर्ण झाले की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि त्याच सुमारास ‘म्हणजे आता तू भारतीय राहणार नाहीस का?’ हा प्रश्न आई-वडिलांच्या ओठांवर येतो. हा प्रश्न भावनेच्या भरात निकालात काढू नये. अर्ज भरण्याआधी दोन्ही पिढ्यांनी थोडा अभ्यास करावा आणि मग बोलावे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात प्रतिज्ञेपासून करावी. नागरिकत्वाच्या समारंभात घेतली जाणारी प्रतिज्ञा एकाच वाक्याची असून ती ईश्वराचा उल्लेख करून किंवा तो वगळून घेता येते. ऑस्ट्रेलिया व तेथील जनता यांच्याशी निष्ठा, त्यांच्या लोकशाही मूल्यांवर विश्वास, त्यांच्या हक्क-स्वातंत्र्यांचा आदर आणि कायद्यांचे पालन, एवढेच तीत मागितले आहे. ती सर्वांसमक्ष वाचून तीत काय नाही हेही पाहावे. धर्म, आहार, पेहराव, घरात बोलायची भाषा यांपैकी कशाचाही तीत उल्लेख नाही. त्यामुळे गणपती बसवणे किंवा नातवंडांशी मराठीत बोलणे हा निष्ठेचा प्रश्न उरत नाही. निष्ठेची मागणी मात्र खरी आहे, आणि ‘पासपोर्टसाठी घ्यायची एक शपथ’ म्हणून तिची बोळवण करणे मला योग्य वाटत नाही.

त्यानंतर इतिहासाकडे वळावे आणि येथे घाई करू नये, कारण आजचा ऑस्ट्रेलिया सुरुवातीपासून असा नव्हता. 1901 साली संघराज्य स्थापन झाले, त्याच वर्षी स्थलांतर निर्बंध कायदा आला. अधिकारी निवडील त्या युरोपीय भाषेतील 50 शब्दांचा उतारा श्रुतलेखनासाठी देऊन नको असलेल्या माणसाला नापास करण्याची सोय त्यात होती. ही परीक्षा 1958 साली रद्द झाली, 1966 मध्ये निर्बंध सैल झाले आणि गोऱ्यांपुरत्या ऑस्ट्रेलियाचे धोरण 1973 साली पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारने संपुष्टात आणले. 1975 साली वंशभेदविरोधी कायदा झाला. 2021 च्या जनगणनेनुसार 27.6 टक्के रहिवासी परदेशात जन्मलेले होते आणि परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडखालोखाल भारताचा क्रमांक होता. आपल्या मुलांना मिळालेला प्रवेश हा कित्येक दशकांच्या वादातून बदललेल्या कायद्याचे फळ आहे, हे घरात स्पष्टपणे सांगितले जावे.

बहुसांस्कृतिकता म्हणजे वर्षातून एकदा भरणारा खाद्यमेळा नव्हे, हेही तपासून पाहता येते. सरकारी टेलिफोन दुभाषी सेवा तेथे 1973 पासून आहे, एसबीएस ही सार्वजनिक प्रसारण संस्था साठांहून अधिक भाषांत कार्यक्रम देते आणि शनिवार-रविवारी भरणाऱ्या सामुदायिक भाषाशाळांना राज्य सरकारे अनुदान देतात. मुलाने आपल्या उपनगराजवळ मराठीची अशी शाळा आहे का, याची चौकशी महाराष्ट्र मंडळाकडे आधीच करून ठेवावी.

मूळ रहिवाशांचा विषय बहुतेक घरांत वगळला जातो. तो वगळू नये. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या 1992 च्या माबो निकालाने ही भूमी ब्रिटिश येण्यापूर्वी निर्मनुष्य होती किंवा कोणाच्याच मालकीची नव्हती, हा समज कायद्यातून काढून टाकला, तर 14 ऑक्टोबर 2023 च्या सार्वमतात संसदेला सल्ला देणाऱ्या मूळ रहिवाशांच्या मंडळाला राज्यघटनेत स्थान देण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला. आपला प्रजासत्ताक दिन असलेली 26 जानेवारी ही तेथे राष्ट्रीय दिनाची तारीख आहे, पण 1788 साली ब्रिटिश वसाहत त्याच दिवशी सुरू झाल्याने अनेक मूळ रहिवासी तो आक्रमणाचा दिवस मानतात. नव्या नागरिकाने त्या दिवशी शुभेच्छा देताना याचे भान ठेवावे.

बोलण्यात एक प्रश्न आई-वडिलांनी स्वतःलाही विचारावा: भाषा, सण आणि देवघर सांभाळूनही मुलाला त्या देशाचा पूर्ण नागरिक मानले जावे असे आपण म्हणतो, तर बिहार किंवा ईशान्य भारतातून पुण्यात कामाला आलेल्या माणसाला भाड्याने घर देताना आपण तेवढेच उदार असतो का? तो तर याच देशाचा नागरिक आहे. त्याला कोणतीही परीक्षा द्यावी लागू नये.

नागरिकत्वासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेची तयारी तुलनेने सोपी आहे. इंग्रजीतील 20 प्रश्नांपैकी किमान 15 उत्तरे बरोबर यावी लागतात, आणि मूल्यांवरील पाचही प्रश्नांची उत्तरे अचूक असावी लागतात. शासनाची पुस्तिका मोफत मिळते.

शेवटी भारतीय बाजू. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांसाठी असलेले ओसीआय कार्ड घेता येते; त्यावर व्हिसाशिवाय ये-जा करता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मुळशी किंवा भोरकडे मुलाच्या नावावर जमीन घेण्याचा विचार असेल, तर तो समारंभाची तारीख येण्याआधीच वकिलाशी बोलून निकाली काढावा.