जहाजावर दुखापत झाली? घरी आल्यावर आधी हे करा

सोलापूरपासून समुद्र लांब. म्हणून जहाजावर हात-पाय मोडून आलेल्या पोराला इथं हाडवैद्याचा पत्ता लगेच मिळतो, हक्काचं मात्र कुणी सांगत नाही. घरी पोचताच कंपनीला ईमेलनं कळवा आणि त्यांच्या डॉक्टरांच्या तपासणीची तारीख लेखी मागा. फोनवरचं बोलणं पुढं कामी येत नाही. अपघाताचा अहवाल, उपचाराचे कागद आणि नोकरीचा करार यांचे फोटो जहाजावरूनच घरी पाठवलेले बरे.

भारतानं २०१५ साली मान्य केलेल्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार उपचाराचा खर्च जहाजमालकावर असतो. आजारपणातल्या पगाराची जबाबदारी दुखापतीपासून १६ आठवड्यांच्या आत संपवता येत नाही. किती पगार, ते तुमच्या नोकरीच्या करारात पाहा. ठरल्यापेक्षा कमी भरपाई घ्या म्हणून दबाव आणायला आंतरराष्ट्रीय करारात मनाई आहे. म्हणून ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर घाईनं सही नको, घरात पैशाची कितीही ओढ असली तरी.

पुन्हा जहाजावर जाण्याआधी नौवहन महासंचालनालयाच्या (केंद्र सरकारचं जहाज वाहतुकीचं कार्यालय) मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. त्यासाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जाताना जुने एक्स-रे सोबत ठेवा, आणि दुखणं लपवू नका.