आवाजाआधीचा एक सेकंद

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव सुरू झाला की एवढ्या कालव्यात कोणाला काय ऐकू येत असेल, असं वाटतं. माझी काकी तिथे मासळी घ्यायची. टोपली ओतायच्या आधीच ती पुकारणाऱ्याकडे मान करून गप्प व्हायची. मग मागून कितीही हाका मारा, तिला पत्ताच नसायचा. ती तेव्हा काय करत होती, हे मला श्रवणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला कळलं: आवाज यायच्या आधीच तिचा मेंदू ऐकायची तयारी करत होता.

इशारा मिळाल्यापासून प्रतिसाद द्यायचा क्षण येईपर्यंत माथ्यावर मेंदूच्या विजेची एक संथ ऋण (निगेटिव्ह) लहर चढत जाते. मेंदूच्या लहरींचे अभ्यासक ग्रे वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली ती दाखवली. ‘आता डावीकडचं ऐका’ एवढं सांगितलं, तरी आवाज यायच्या आधीच मेंदूच्या अल्फा लहरी (सेकंदाला साधारण ८ ते १२) डाव्या अर्धगोलात वाढतात आणि उजव्यात मंदावतात.

ईईजीवर, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी टिपण्यावर, काम करणार असाल तर आपल्याकडचा घाम आधी लक्षात घ्या. ही संथ लहर काही मायक्रोव्होल्टची, आणि घामाने येणारा चढउतारही तसाच संथ. दोन्ही एकमेकांत मिसळले की नंतर वेगळे करणं फार अवघड. खोली अर्धा तास आधी गार करा. आणि आदल्या दिवशीच फोन करून सांगा, डोक्याला खोबरेल नको. ‘केस धुऊन या’ म्हटलं की लोक न्हातात आणि वर तेल चोपडून येतात. मग इलेक्ट्रोड नीट लागत नाहीत.

ऐकण्याच्या साध्या तपासणीत, जिथे स्वर ऐकू आला की बटण दाबायचं असतं, मेंदूची हीच तयारी आड येते. सुरुवातीला मी सारख्या अंतराने स्वर द्यायचे. एक आजी आवाज नसतानाही बटण दाबत होत्या. माझ्या बाई म्हणाल्या, “त्या फसवत नाहीत गो, तू ताल धरलायस.” आजींचा मेंदू पुढच्या स्वराची वेळ हेरून बसला होता. तेव्हापासून मी दोन स्वरांमधलं अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवते.

गोंगाटात शब्द ओळखायची चाचणी असेल तेव्हा मात्र उलट करा. काय ऐकायचंय ते पेशंटच्या बोलीत सांगा, क्षणभर थांबा, मगच शब्द द्या. श्रवणयंत्र घेऊन जाणाऱ्यांच्या घरच्यांनाही मी हेच सांगते: स्वयंपाकघरातून एका दमात सगळं बोलू नका. आधी ‘आये’ म्हणून हाक मारा, तिला वळू दे, मग काय ते सांगा.