एसटीने जावे, डोंगर चालावा, एसटीने परतावे: नाशिककरांसाठी

स्वतःच्या गाडीशिवाय डोंगरवाटेला जायचे ठरले, की बेत शेवटाकडून आखायला घ्यावा. सकाळी किती वाजता निघायचे हे नंतर ठरवता येते. ज्या फाट्यावर उतरणार, तिथून नाशिककडे येणारी शेवटची गाडी कोणती आणि तिच्या आधीची कोणती, हे मात्र अगोदर विचारून घ्यावे. उतरणीची वेळ आधीच्या गाडीला जुळवून ठरवावी आणि शेवटची गाडी राखीव समजावी, कारण ती चुकली तर फाट्यावर उभे राहून दूधवाल्याच्या टेम्पोची वाट पाहण्याखेरीज काही उरत नाही.

चौकशी शक्यतो आदल्या संध्याकाळी स्थानकात जाऊनच करावी. जुने सीबीएस, ठक्कर बाजार आणि मेळा ही स्थानके एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत, पण महामार्ग स्थानक मुंबई नाक्याला आणि निमाणी पंचवटीत आहे; त्यामुळे गाडी नेमकी कोठून सुटते हे न विचारता पहाटे निघालेला माणूस चुकीच्या फलाटावर उभा राहू शकतो. चौकशी खिडकीवर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: गाडी साधी आहे की जलद, आणि ती रविवारीही धावते का. मी एकदा पहिला प्रश्न विचारायचा विसरलो आणि उतरायच्या फाट्यावरून गाडी न थांबता पुढे गेल्यावर पाच किलोमीटर डांबरी सडक उलटी तुडवली. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, कारण खेड्यांकडे जाणाऱ्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या मुलांच्या वेळेवर बेतलेल्या असतात आणि सुटीच्या दिवशी त्या कमी होतात. मोठ्या यात्रेच्या काळातही गाड्या तिकडे वळवल्या जातात. म्हणून शक्य असेल त्याने शनिवार किंवा आठवड्याचा मधला दिवस निवडावा.

पहिल्याच खेपेला जाणाऱ्याने त्र्यंबक रस्ता धरावा, कारण त्यावर एसटीबरोबर सिटीलिंकच्या, म्हणजे नाशिकच्या शहर बससेवेच्या, बसही धावतात आणि परतीची चिंता सर्वांत कमी असते. अंजनेरी फाट्यावर उतरून गाव ओलांडावे. डोंगराच्या पायथ्यापर्यंत सुमारे तासभराची चाल आहे. गाडीवाले ही चाल वगळतात, पण सकाळच्या उन्हात समोरचा कडा हळूहळू मोठा होत जाताना पाहायचा तर ती चालावीच. पुढे पायऱ्यांची वाट, तिच्या कडेला जैन लेणी, मग पठारावर अंजनीमातेचे मंदिर, तळे आणि त्यापलीकडे दुसरी चढण लागते. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून ओळखला जाणारा हा डोंगर वनस्पतींसाठीही राखीव आहे. सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात याच डोंगराच्या नावाने ओळखली जाते. पावसाळ्यात पठारावर पाय कोठे पडतो याकडे लक्ष ठेवावे आणि फूल कितीही आवडले तरी तोडू नये.

त्याच रस्त्याच्या टोकाला त्र्यंबकेश्वर आहे. स्थानकातून चालत निघून गंगाद्वार आणि ब्रह्मगिरी दोन्ही एका दिवसात होतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला, म्हणजे डोंगराभोवतीच्या प्रदक्षिणेला, जादा गाड्या सुटतात, तरी गर्दी इतकी असते की वाटेपेक्षा माणसेच जास्त दिसतात. सुमारे वीस किलोमीटरची ती लहान फेरी श्रावणातच, पण एखाद्या साध्या दिवशी केलेली बरी, असे माझे मत आहे.

अर्ध्या दिवसाचा बेत असेल तर पेठकडे जाणाऱ्या साध्या गाडीने आशेवाडीसाठी उतरावे आणि रामशेज चढावा. १६८२ मध्ये मोगलांनी घातलेल्या वेढ्याला पाच वर्षांहून अधिक काळ दाद न देणारा हा किल्ला प्रत्यक्षात इतका आटोपशीर आहे की वर पोचल्यावर त्या इतिहासाचे अधिकच आश्चर्य वाटते. गडावर सावली फारशी नाही. उन्हाळ्यात दहाच्या आत खाली यावे.

एसटीने जाण्याचा खरा फायदा सप्तशृंगीला कळतो. गाडी पायथ्याशी लावली, की फिरून त्याच पायथ्याला यावे लागते. एसटीने मात्र नांदुरीला उतरून रडतोंडीची जुनी पायवाट चढावी, दर्शन घ्यावे आणि गडावरून सुटणाऱ्या गाडीने थेट नाशिकला यावे. चढून थकलेल्या गुडघ्यांना उतरण टळते. मात्र चैत्रात आणि नवरात्रात या बेताच्या वाटेला जाऊ नये.

रेल्वेने जायचे असल्यास नाशिकरोडहून इगतपुरी गाठावी. स्थानकातून चालत घाटनदेवीपर्यंत जाता येते आणि तिथून कसारा घाटाच्या दऱ्या दिसतात. पायांत बळ असेल त्याने उलट दिशेला त्रिंगलवाडीचे तळे आणि किल्ला पाहावा. आरक्षण नसलेल्यांनी त्या गाडीला जनरल डबे आहेत का हे पाहावे आणि सुपरफास्ट गाडीला तिकिटाव्यतिरिक्त अधिभार लागतो हे ध्यानात ठेवावे.

नांदूरमध्यमेश्वरच्या बाबतीत मात्र एसटीवाल्याची अडचण होते, हे मान्य करावे लागेल. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र निफाडपासून बारा-एक किलोमीटरवर आहे, आणि पक्षी पाहण्याची उत्तम वेळ पहाटेची असते. निफाडला पोचून पुढची सोय होईपर्यंत ऊन वर येते. म्हणून हिवाळ्यात निफाडला किंवा जवळच्या गावात मुक्काम करावा, नाहीतर चार जणांनी मिळून निफाडहून रिक्षा ठरवावी.

खिशात सुट्टे पैसे आणि ओळखपत्र ठेवावे. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे आणि पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. ज्येष्ठांना ओळखपत्र दाखवावे लागते. गाडीत चढताच कंडक्टरला फाट्याचे नाव सांगावे. बऱ्याच गाड्या पुढच्या गावापर्यंत जाऊन त्याच रस्त्याने माघारी येतात, तेव्हा उतरतानाच "परत कितीला याल?" असे विचारले, तर छापील वेळापत्रकापेक्षा खरे उत्तर मिळते. संध्याकाळी फाट्यावर अर्धा तास आधी येऊन, वळणावर नव्हे तर ड्रायव्हरला दुरून दिसेल अशा सरळ जागी, नाशिककडच्या बाजूला उभे राहावे आणि अंधार पडू लागला असेल तर मोबाइलचा दिवा लावून हात दाखवावा.