पायपिंगची मजुरी काढायला बसण्याआधी

गोव्यात वेर्ण्यातल्या एका कारखान्याची चार इंची पाइपलाइन मी एकदा मीटरवर धरून दर दिला होता. ६० मीटर सरळ असती तर ६ मीटरच्या १० नळ्या, ९ जॉइंट, म्हणजे वेल्ड करायच्या जागा. प्रत्यक्षात तिला ८ एल्बो (वळणाचे तुकडे) होते. प्रत्येकाचे दोन जॉइंट, म्हणजे एल्बोचेच १६, सरळ भागातले वेगळे. शेवटच्या आठवड्याचा पगार मी पोरांना पदरचे पैसे घालून दिला.

तेव्हा आधी आयसोमेट्रिक ड्रॉइंगं (लाइनची वळणं आणि जॉइंट दाखवणारी) मागून घ्या आणि जॉइंट स्वतः मोजा. टीचे (तीन तोंडांचा तुकडा) तीन, वेल्ड-नेक फ्लँजचा (बोल्टने जोडायची चकती) एक. जॉइंटची संख्या गुणिले इंचातला साइझ, हा झाला इंच-डाया; वरच्या १६ एल्बो-जॉइंटांचा ६४. शेड्यूल (नळीच्या जाडीचा वर्ग) ४० आणि ८० ची बेरीज वेगळी ठेवा, कारण इंच-डाया सारखाच आला तरी ८० ची नळी जाड, पास (वेल्डचे थर) जास्त लागतात. स्टेनलेस स्टील असेल तर रूट (वेल्डचा पहिला थर) मारताना नळीत आतून आर्गॉन सोडावा लागतो. तो भरेपर्यंत वेल्डर थांबतो, आणि तोही वेळ मजुरीचाच.

मग साइटवर जा, टेप आणि टॉर्च घेऊन. ड्रॉइंग हातात धरून रॅकखाली (उंचावर लाइनी पेलणारा सांगाडा) उभे राहा आणि एकेक जॉइंट वर बघत चला. भिंत आणि जुनी लाइन यांच्यामध्ये चार बोटांचीच फट असेल, तर मागचा अर्धा वेल्ड आरशात बघून मारावा लागतो. फिटरला टॅक (तात्पुरता छोटा वेल्ड) मारायलाही हात शिरत नाही. असे जॉइंट लाल पेनाने खुणावून ठेवा, त्यांना साधा दर लावायचा नाही. जे जमिनीवर शॉपमध्ये जोडून वर चढवता येतील ते वेगळे काढा. जितके खाली होतील तितकं बरं, माणसांच्या जिवालाही.

गँगचा रोजचा आकडा आपल्याच जुन्या मस्टर आणि वेल्ड रजिस्टरमधून काढा, दुसऱ्याचा उसना घेऊ नका. समजा कामाचा एकूण इंच-डाया १२०० आहे आणि शॉपमध्ये गँग दिवसाला २० करते: ६० दिवस. फिटर, वेल्डर, ग्राइंडर, दोन हेल्पर अशी पाच जणांची गँग, म्हणजे ३०० मनुष्यदिवस. तीच गँग रॅकवर दिवसाला १० करत असेल तर ६००. परांची बांधणारे, रिगर (जड सामान वर चढवणारे), फोरमन, सेफ्टीचा माणूस यात धरलेले नाहीत. सपोर्ट, रंगकाम आणि हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) यांचे दिवसही स्वतंत्र मांडा.

रोजावर पीएफचा मालकाचा हिस्सा १२ टक्के आणि ईएसआयचा ३.२५ टक्के चढवा. वेल्डर बाहेरून येणार असतील तर येण्याजाण्याचं भाडं आणि खोली धरा. वेर्ण्याजवळ खोली मिळाली नाही तर गाडीही आलीच.

काम जूनमध्ये शिरत असेल तर उघड्यावरचे दिवस वाढवून घ्या. पावसात ताडपत्रीखाली वेल्डिंग होतं, पण संथ. चवथीला स्थानिक हेल्पर घरी जाणारच, ते दिवस कामाचे धरूच नका. आणि कोटेशनमध्ये एक ओळ घाला: हॉट वर्क परमिट (वेल्डिंगसारख्या कामाची कारखान्याची परवानगी) उशिरा मिळालं किंवा मटेरियल आलं नाही, तर बसून राहिलेल्या गँगचा रोजचा दर किती.