वेधशाळेत निधीसाठी चित्रपट दाखवताय? या चुका टाळा

दुर्बिणीच्या आरशाला पुन्हा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा द्यायचा असतो, घुमटाची चाके गंजलेली असतात, आणि हौशी मंडळींच्या वेधशाळेकडे पैसा नसतो. अशा वेळी वर्धापनदिनी चित्रपट दाखवून निधी उभारण्याची कल्पना चांगलीच आहे. सोलापूर परिसरात अशा कार्यक्रमांना मदतीसाठी जाताना मात्र त्याच त्या चुका मला वारंवार दिसतात आणि त्यांपायी चांगल्या कार्यकर्त्यांची मेहनत वाया जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी चित्रपट आणि मग आकाशदर्शन हा क्रम. जिल्ह्यातील एका संस्थेने हिवाळ्यातल्या एका कार्यक्रमात तो ठेवला होता. सत्कार आणि भाषणे लांबली, चित्रपट उशिरा सुरू झाला, आणि तो संपताच सुमारे दीडशे माणसे एकदम गच्चीवरच्या एकुलत्या एका दुर्बिणीपाशी आली. दुर्बीण देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेवर, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या एका प्रचंड तारकासमूहावर लावलेली होती. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरून आलेला तो फिकट उजेड पाहायला अंधाराला सरावलेले डोळे लागतात, आणि ही माणसे तर नुकतीच लखलखीत पडद्यासमोरून उठून आली होती. “काहीच दिसत नाही हो,” असे म्हणत एकेक जण बाजूला होऊ लागला. एका माणसाला एक मिनिट धरले तरी दीडशे जणांना अडीच तास लागतात, हा हिशेब कोणीच केलेला नव्हता. मुले आईच्या खांद्यावर झोपली, रांग विरघळली आणि देणगीपेटी जवळजवळ रिकामी राहिली. ज्या दुर्बिणीसाठी पैसे मागायचे होते, तिच्यातून लोकांना काहीच दिसले नव्हते. मग त्यांनी पैसे कशासाठी द्यावेत?

डोळ्यातील मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींना अंधाराची पूर्ण सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि भगभगीत उजेडाने ती क्षणात मोडते. चंद्र आणि ग्रह पाहण्यासाठी मात्र या सवयीची गरज नसते. म्हणून मी नेहमी सूर्यास्त होताच चंद्रापासून सुरुवात करतो. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश पूर्ण मावळायला सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. त्या उजेडात पडद्यावरचे चित्र तसेही फिकेच दिसते, तेव्हा तो वेळ दुर्बिणींना द्यावा आणि पूर्ण अंधार पडल्यावर चित्रपट लावावा. दुर्बिणी किमान तीन असाव्यात, म्हणजे दीडशे माणसे तासाभरात पाहून होतात. तेजोमेघ (वायू आणि धुळीचे अंधुक ढग) आणि दीर्घिका चित्रपटानंतर, अर्धा तास अंधारात थांबायला तयार असलेल्यांनाच दाखवाव्यात. ज्या नवख्या स्वयंसेवकाला तेवढा वेळही मोबाइल खिशात ठेवता येत नाही, त्याला दुर्बिणीपाशी उभे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक तारखेची. मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले ते 1969 च्या जुलैत आणि चांद्रयान-3 उतरले ते 23 ऑगस्ट 2023 रोजी. त्यामुळे चंद्राविषयीचा चित्रपट त्याच दिवशी दाखवण्याचा आग्रह धरला जातो. सोलापूर दुष्काळी, म्हणजे आकाश मोकळेच असणार, ही समजूत त्यामागे असते आणि ती चुकीची आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग सोलापुरात केले, कारण इथे पाऊस कमी असला तरी पावसाळ्यात ढग पुरेसे असतात. एप्रिल-मे महिन्यांत आकाश बरे असते, पण दिवसभर तापलेली स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि दुर्बिणीतली प्रतिमा थरथरते.

तारखेऐवजी तिथी पाहावी. पौर्णिमेचा चंद्र पडद्यावर शोभतो, दुर्बिणीत मात्र सपाट दिसतो, कारण त्या दिवशी विवरांच्या सावल्याच पडत नाहीत. शुद्ध सप्तमी ते नवमीचा चंद्र सूर्यास्ताला डोक्याजवळ असतो, मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि त्याच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांचे कडे उठून दिसतात. माझी आवडती रात्र रथसप्तमीची. हवा कोरडी असते, अर्धा चंद्र असतो आणि मृग नक्षत्र संध्याकाळीच वर आलेले असते. वर्धापनदिन काही आठवडे पुढे-मागे साजरा केल्याने कोणाचेही नुकसान होत नाही.

चित्रपटाच्या हक्कांबाबतचा आळस मला अजिबात मान्य नाही. एखाद्या ओटीटीचे घरगुती सदस्यत्व घेऊन मोबाइल प्रोजेक्टरला जोडणे म्हणजे जाहीर प्रदर्शनाची परवानगी नव्हे, आणि तिकीट लावले की प्रकरण आणखी गंभीर होते. हक्कधारकाकडून लेखी परवानगी घ्यावी आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची खात्री करावी. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. त्यामुळे जॉर्ज मेलिए यांचा 1902 सालचा चंद्रप्रवासाचा मूकपट मुक्त आहे. मात्र नंतर चढवलेल्या संगीताचे हक्क वेगळे असू शकतात. त्याला पेटी-तबल्याची जिवंत साथ द्यावी, लोक ती मनापासून ऐकतात.

पडदा चारही बाजूंनी आवळून बांधावा, नाहीतर गच्चीवरच्या वाऱ्याने तो शिडासारखा फुगतो. त्याचा उजेड दुर्बिणींकडे जाणार नाही अशी दिशा निवडावी. जनरेटर खालीच ठेवावा. त्याचा कंप आणि धूर दोन्ही निरीक्षणाला घातक असतात. खुल्या जागेत रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून भाषणांना दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ देऊ नये. भिंगावरची धूळ रुमालाने कधीही पुसू नये.

राहिला पैशाचा विषय. देणगीपेटी बाहेरच्या दारापाशी न ठेवता दुर्बिणीच्या रांगेपाशी ठेवावी, कारण चंद्र नुकताच पाहिलेला माणूस आपणहून खिशात हात घालतो. “वेधशाळेला मदत करा” असे मोघम न लिहिता आरशाच्या मुलाम्याचा खर्च आकड्यासह लिहावा. तिकीट आणि देणगी यांच्या पावत्या वेगळ्या ठेवाव्यात. संस्थेला प्राप्तिकर सवलतीची मान्यता असली तरी 2000 रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, हे मोठी रक्कम देणाऱ्याला पैसे घेण्यापूर्वीच सांगावे आणि त्याच्याकडून धनादेश घ्यावा.