इंजिन बांधताना कुठे कोणतं सीलंट?
ऑइल चेंबरला (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) आणि टायमिंग कव्हरला (टायमिंग चेनवरचं झाकण) सेन्सर-सेफ, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर खराब न करणारं, आरटीव्ही सिलिकॉन (साध्या तापमानाला घट्ट होणारं) वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं नकोच, त्याने धातू गंजतो. जुना थर प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने काढून दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने पुसा. तेलाचा अंश राहिला की सीलंट धरत नाही. २-३ मिमीची अखंड धार बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवा. जास्त लावू नका! आत दाबलं गेलेलं सिलिकॉन सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं, तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंग जातात. १० मिनिटांत कव्हर बसवा, तेल २४ तासांनी भरा.

मशीन केलेल्या, गॅस्केट (जोडामधली सीलची पट्टी) नसलेल्या धातूच्या जोडांना हवा न मिळाल्यावर घट्ट होणारं अ‍ॅनेरोबिक. हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधली) मात्र सहसा कोरडीच बसवायची.